दादरला उतरताना छत्री हरवली, मग इंग्रजीत चुकलं कुठे?

ताई, तुम्ही विचारलंय की लेकीने दहावीच्या निबंधात "व्हाइल गेटिंग डाऊन ॲट दादर, माय अम्ब्रेला वॉज लॉस्ट" असं लिहिलं आणि बाईंनी लाल रेघ मारली, पण "दादरला उतरताना माझी छत्री हरवली" हे तर आपण रोज बोलतो, मग यात चूक काय? मला तर वाटतं तिचं मराठी पक्कं आहे म्हणूनच ही चूक झालीय.

मराठीत "-ताना" आलं की दोन्ही क्रियांचा कर्ता एकच असला पाहिजे असं काही नसतं. "मी जेवताना लाइट गेली", जेवत होते मी, गेली लाइट, कुणाचाच गोंधळ होत नाही. त्यात "हरवणे" हे क्रियापदही असं की छत्री आपली आपण हरवते, कुणाच्या हातून हरवली ते सांगितलं नाही तरी वाक्य पुरं होतं. इंग्रजीत मात्र सुरुवातीला आयएनजीवालं क्रियापद आलं की स्वल्पविरामानंतर जो कर्ता येईल त्यालाच ते जाऊन चिकटतं, म्हणजे तुमच्या लेकीच्या वाक्यात दादरला छत्री उतरली!

मी पार्ल्यात क्लास घेते, तिथे मुलांना सांगते की "-ताना" काढून "-ऊन" घालून बघा. "दादरला उतरून छत्री हरवली." कानाला खटकलं ना? "-ऊन" ला दोन्ही कामं एकाचीच लागतात, "मी दादरला उतरून भाजी घेतली" एकदम बरोबर, पण "मी दादरला उतरून पाऊस आला" असं कुणी बोलेल का? इंग्रजीतलं आयएनजी साधारण या "-ऊन" सारखं वागतं, त्यामुळे जिथे "-ऊन" खटकेल तिथे इंग्रजी वाक्य बदलायचं. फक्त भावनांच्या वाक्यांत ही युक्ती पुरत नाही. "पत्र वाचून डोळ्यांत पाणी आलं" हे मराठीत किती सुंदर वाटतं, पण "रीडिंग द लेटर, टिअर्स केम टू माय आईज" लिहिलं की पत्र अश्रूंनीच वाचलं असं होतं, तिथे सरळ "व्हेन आय रेड द लेटर" ने सुरुवात करावी.

तर तिचं वाक्य, "व्हाइल गेटिंग ऑफ ॲट दादर, आय लॉस्ट माय अम्ब्रेला". ("गेटिंग डाऊन" आपल्याकडे सगळेच म्हणतात, पण लिहिताना "ऑफ" ची सवय लागलेली बरी.) छत्रीच पुढे ठेवायची असेल तर मागे कर्ता घालायचा, "माय अम्ब्रेला वॉज लॉस्ट व्हाइल आय वॉज गेटिंग ऑफ", हेही बरोबर.

तिच्या निबंधातलं दुसरं वाक्य, "ओल्दो इट वॉज रेनिंग, बट द ट्रेन केम ऑन टाइम". हे आपलं जरी-तरी. मराठीत जोडी लागते, इंग्रजीत दोघांपैकी एकच ठेवायचं, "बट" काढा की झालं.

आणि ते तिसरं, "द ट्रेन वॉज क्राउडेड, आय कुड नॉट टर्न बॅक, द डोअर वॉज फार", इथे नुसत्या स्वल्पविरामांवर तीन अख्खी वाक्यं टांगलीत. आपण श्वास घेतला की स्वल्पविराम देतो, मी स्वतः इथेच किती दिलेत बघा, आणि मराठीत ते खपतं. खरं तर हे चिन्ह मराठीत आलं तेच इंग्रजीकडून, मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाला हातभार लावणारे थॉमस कँडी यांना त्याचं श्रेय देतात, त्याआधी मोडी लिपीत तर शब्दसुद्धा सलग लिहायचे. पण इंग्रजीत दोन पूर्ण वाक्यं जोडायला एकटा स्वल्पविराम पुरत नाही, पूर्णविराम द्या नाहीतर मध्ये "अँड", "सो" असं काहीतरी घाला. "द ट्रेन वॉज क्राउडेड अँड द डोअर वॉज फार, सो आय कुड नॉट टर्न बॅक." बघा, आता छत्री आणायला मागे का फिरता आलं नाही तेही कळतं.