निबंधात गोष्टच का उतरते?

प्रश्न : इंग्रजीच्या तासाला आम्हाला मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी होती. आता उजळणी सुरू आहे. कादंबरी वाचून झाली आहे, टिपणंही काढली आहेत. तरी प्रत्येक निबंधावर बाईंचा एकच शेरा असतो : ‘गोष्ट सांगतेस, मत मांडत नाहीस.’ परीक्षा तोंडावर आली आहे. सगळं पुन्हा वाचू का? आणि निबंधाची सुरुवात कशी करू?

उत्तर : सगळं पुन्हा वाचू नकोस. गोष्ट तुला चांगली पाठ आहे, आणि म्हणूनच पेन उचललं की ती पहिल्या प्रकरणापासून कागदावर उतरत जाते. त्यापेक्षा एकच प्रसंग घे आणि ओळ न् ओळ वाच.

माझ्या वर्गात मी आंधळ्या म्हाताऱ्याचा प्रसंग घ्यायला लावते. कादंबरीतल्या व्हिक्टर या तरुण शास्त्रज्ञाने घडवलेला तो जीव डी लेसी कुटुंबाच्या घराला लागून असलेल्या खोपटात लपून राहतो. फटीतून त्यांना बघत, त्यांचं बोलणं ऐकत भाषा शिकतो. एके दिवशी म्हातारा घरात एकटा असल्याचं पाहून तो आत जातो. म्हातारा त्याचं ऐकून घेतो, आपुलकीने बोलतो. तेवढ्यात मुलगा फेलिक्स येतो आणि त्याला पाहताच काठीने मारत सुटतो. आता विचार कर : लेखिकेने म्हातारा आंधळाच का दाखवला? बहिरा असता तर?

‘तो जीव एकाकी होता’ या वाक्यावर निबंध उभा राहत नाही, कारण त्याला कुणी नाही म्हणणारच नाही. ‘नुसता आवाज ऐकू येतो तोवर त्याला माणूस मानतात, दिसला की राक्षस ठरवतात’ हे मात्र मत झालं. मग याच नजरेने बाकीची पानं चाळ. डोंगरावर भेट होते तेव्हा तो व्हिक्टरच्या डोळ्यांवर हात धरतो आणि म्हणतो, निदान ऐक तरी. शेवटी जहाजावर मोहिमेचा प्रमुख वॉल्टन त्याला पाहतो आणि नकळत डोळे मिटून घेतो. मला हे दोन प्रसंग फार मोलाचे वाटतात. गोष्ट सांगण्याच्या भरात ते हमखास सुटतात.

मताच्या विरुद्ध जाणारा पुरावाही लपवू नकोस. व्हिक्टर त्याची सगळी कहाणी ऐकतो, त्याला जोडीदारीण घडवून द्यायचं कबूल करतो, आणि अर्ध्यावर स्वतःच ती मोडून टाकतो. म्हणजे ऐकणं पुरेसं नाही. हा परिच्छेद लिहिलास तर निबंधाला खरी धार येईल.

सुरुवात लेखिकेच्या चरित्राने करू नकोस. तुझं मत पहिल्या दोन-तीन वाक्यांत येऊ दे. अवतरणं चार-पाच शब्दांचीच घे, आणि प्रत्येकानंतर त्यातला कोणता शब्द तुला महत्त्वाचा वाटला ते लिही.

आणखी एक, वर्गात कुणाकडे कोणती आवृत्ती आहे ते बघून घे. 1818ची पहिली आवृत्ती तीन खंडांत होती, 1831ची सुधारून काढलेली. आंधळ्या म्हाताऱ्याचा प्रसंग पहिलीत दुसऱ्या खंडाच्या सातव्या प्रकरणात आहे, 1831च्या आवृत्तीत पंधराव्या. व्हिक्टरचं जिच्याशी लग्न होतं ती एलिझाबेथ पहिलीत त्याची आतेबहीण आहे, 1831च्या आवृत्तीत घरात आणलेली पोरकी मुलगी. मैत्रिणीच्या टिपणातून प्रकरणाचा क्रमांक उचलण्याआधी तो स्वतःच्या पुस्तकात ताडून बघ.