सातबाऱ्यावरचं कूळ आणि देव्हाऱ्यातलं कूळ

प्रश्न असा आहे: "आमच्या जुन्या सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव 'कूळ' म्हणून लागलंय. लग्नपत्रिकेत कुलदेवतेचं नाव छापतो, तिथेही कूळच. हे शब्द दोन की एकच? आणि गावाकडे भावकी म्हणतात, ती म्हणजेच कूळ का?"

शब्द एकच आहे. 'नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये' या म्हणीत कूळ म्हणजे वंश, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण संस्कृतात 'कुल' म्हणजे वंश, घर आणि गुरांचा कळपसुद्धा. एवढंच नाही, मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात दहा गावांच्या अधिकाऱ्याला मोबदला म्हणून एक 'कुल' द्यावं असं सांगितलंय, आणि तिथे कुल हे चक्क जमिनीचं माप आहे. म्हणजे वंश, घर आणि जमीन या तिन्ही गोष्टी या शब्दात फार आधीपासून एकत्र नांदत होत्या.

आपल्याकडे गावचा वसूल घराघराच्या नावाने मांडला जायचा. दप्तरात ज्या घराचं खातं, ते एक कूळ. त्या कुळांचा हिशेब ठेवणारा तो कुळकर्णी, आणि खातेदारागणिक केलेली मांडणी ती कुळवार. या अर्थाने सारा भरणारी कुठलीही रयत कूळच होती, मग जमीन स्वतःची का असेना. जोतीराव फुल्यांनी १८६९ च्या पवाड्यात शिवाजी महाराजांना 'कुळवाडीभूषण' म्हटलं, तिथे कुळवाडी म्हणजे शेतकरी रयत. त्या शब्दात कुठेही कमीपणा नाही, उलट अभिमान आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण पणजोबांच्या नावापुढे 'कूळ' वाचून काहींना ओशाळल्यासारखं होतं. तसं होण्याचं काही कारण नाही.

पुढे जो कुणाचं देणं लागतो तो, असा अर्थ पक्का होत गेला. सावकाराचा ऋणको त्याचं कूळ, खोताची, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराची, जमीन कसून खंड घालणारा त्याचं कूळ. कोकणात हा अर्थ घामाने आणि भुकेने भिजलेला आहे. अलिबागजवळच्या चरी गावात नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने १९३३ मध्ये कुळांनी संप केला आणि वर्षानुवर्षं जमिनी पडीक ठेवल्या. खोती रद्द करण्याचं विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. मग १९४८ चा कुळवहिवाट कायदा आला, आणि त्यातल्या दुरुस्तीनंतर १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला: त्या दिवशी जमीन कसत असलेलं कूळ कायद्याने तिचं खरेदीदार मानलं गेलं. तेव्हापासून 'जमिनीला कूळ लागलं', 'जमीन कुळकायद्यात गेली' हे वाक्प्रचार घरोघरी रुळले.

शब्दाचं लिंग बघा. माणूस पुरुष असला तरी 'ते कूळ आलं होतं' असंच म्हणतात. माणसाला लावतानाही नपुंसकलिंग टिकलं, कारण मुळात नाव घराचं होतं.

आता भावकी. ती कूळ नव्हे. कूळ पसरलेलं असतं; एका कुळाची, एका देवकाची (देवक म्हणजे कुळाने पूज्य मानलेलं झाड किंवा वस्तू) माणसं चार जिल्ह्यांत असतील आणि एकमेकांना कधी भेटलीही नसतील. लग्न ठरवताना देवक विचारतात, कळंब की पंचपल्लव की मोरपीस, आणि ते एकच निघालं तर सोयरीक होत नाही. कुळाचं काम तिथे पडतं. भावकी म्हणजे मोजता येणारी घरं: एका मूळपुरुषाची, बांधाला बांध लागलेली, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या वाटून घेणारी.

तिची हद्द कुठे संपते? सुतकाला. आमच्या गावी चुलत चुलत्यांकडे माणूस गेलं, तेव्हा फोनवर काकूचं पहिलं वाक्य होतं, "आपल्याला दहा दिवस आहे, देवाला हात लावू नका." पलीकडच्या आळीत आमच्याच आडनावाचं घर आहे, तिथे मात्र संध्याकाळी दिवा लागला. काकूला विचारलं तर म्हणाली, "त्यांचं आपलं सुतक तुटलंय." कूळ तेच, आडनाव तेच, पण भावकी नाही. इतकी नेमकी व्याख्या मला कुठल्याही कोशात सापडली नसती.

यावरून 'सोयरसुतक' आठवला. 'त्याला कशाचं सोयरसुतक नाही' म्हणताना बऱ्याच जणांना त्यात सोयरे दिसतात. इथला सोयर म्हणजे घरात मूल जन्मल्यावर पाळायची विटाळाची मुदत. आणि संस्कृतात 'सूतक' हा शब्दही मुळात जन्माचाच. मराठीत तो मृत्यूकडे सरकला. जन्माचा सोयर आणि मरणाचं सुतक ज्यांना मिळून लागतं, ती भावकी. सोयरे तिच्या बाहेरचे, लग्नाने जोडलेले.

जाता जाता गोव्याचा एक शब्द. तिथल्या गावकारीत, म्हणजे गावची जमीन सामायिक सांभाळणाऱ्या संस्थेत, गावकरांच्या कुळांना वांगड म्हणतात, आणि आमच्या मालवणीत 'वांगडा' म्हणजे सोबत. मला ही जोडी फार आवडते.

भाऊबंद आणि भाऊबंदकी यांतला फरक तुम्हाला ठाऊक असेलच: पहिली माणसं, दुसरा त्यांच्यातला तंटा.

राहिलं लेखन. 'कूळ' दीर्घ, पण 'कुळाचा', 'कुळाला' ऱ्हस्व. पत्रिकेत कुलदेवता, कुलस्वामिनी 'ल'नेच छापा, कारण ते संस्कृत समास आहेत. कुळाचार, कुळधर्म मात्र बोलण्यात 'ळ'ने रुळलेत. ते तसेच राहू द्या.