खेकड्यांच्या पायांवरचे केस

प्रश्न : माझा मुलगा प्राणिशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पंधराव्या वर्षी ध्रुवीय समुद्रावरचा एक माहितीपट बघून त्याला क्रिलचं, म्हणजे कोळंबीसारख्या इवल्या समुद्री प्राण्याचं, वेड लागलं. तेव्हापासून मी थंड समुद्रातल्या कवचधारी प्राण्यांच्या जनुकशास्त्रावरची कात्रणं जमवतोय. क्रिलचा जीनोम, म्हणजे पेशीतला सगळा डीएनए, माणसाच्या पंधरापट मोठा आहे हे वाचलं आणि ठरवलं, याचं भवितव्य यातच. पण चिरंजीव तासन्‌तास सूक्ष्मदर्शकाखाली खेकड्यांच्या, कोळंब्यांच्या पायांवरचे केस मोजतात आणि चित्रं काढतात. हे शंभर वर्षांपूर्वीचं विज्ञान झालं! जनुकशास्त्रात ६१ गुण, अपृष्ठवंशीय प्राण्यांच्या प्रात्यक्षिकात ९२. जैवमाहितीशास्त्राचा (संगणकावर जनुकांचा अभ्यास) वर्ग लावून दिला, तो अर्ध्यात सोडला. अलीकडे घरात फारसा बोलत नाही. कर्ज काढून परदेशी पाठवायची माझी तयारी आहे. त्याला योग्य मार्गावर कसं आणावं?

उत्तर : माझ्याकडे येणाऱ्या पत्रांची तऱ्हा बहुधा उलटी असते. मुलीला समुद्र हवा असतो, घरच्यांना दवाखाना. त्यामुळे क्रिलसाठी कर्ज काढायला निघालेले वडील पाहून आधी हसू आलं, बरंही वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना मात्र ते टिकलं नाही. पत्रात ‘मी जमवतोय’, ‘मी ठरवलं’, ‘मी लावून दिला’ हे सगळं आहे. मुलाच्या तोंडचं एक वाक्य नाही. आणि ‘घरात फारसा बोलत नाही’ हे तुम्ही अर्धवट सोडलेला वर्ग आणि कर्ज यांच्या मधे, जाता जाता लिहून टाकलंय. मी अडकलो ते तिथेच.

पंधराव्या वर्षी मुलाला एक गोष्ट आवडली. तुम्ही ती उचललीत, तिची फाइल केलीत, तिला भवितव्य जोडलंत. आता ती त्याची राहिलीय का, हे तपासून बघा. विरोध करणाऱ्या बापाशी मुलाला निदान भांडता तरी येतं. रविवारी कात्री घेऊन आपल्यासाठी कात्रणं कापणाऱ्या बापाशी तो काय भांडणार? ‘बाबा, यातलं तुम्हाला आवडतं ते मला नकोय’ असं म्हणायला विशीच्या मुलाला फार धीर लागतो. तो ते म्हणत नाही. तो वर्ग अर्ध्यात सोडतो आणि जेवणाच्या टेबलावर गप्प बसतो. एक सरळ विचारतो: शेवटची कधी त्यानं तुम्हाला एखादं चित्र दाखवलं होतं, आणि तेव्हा तुम्ही काय म्हणाला होतात?

(त्याची झोप, जेवण, मित्रमंडळी हेही तुटत चाललं असेल, तर करिअर बाजूला ठेवा आणि आधी मानसोपचार जाणणाऱ्या डॉक्टरांना भेटा. ते काम माझं नाही.)

आता ज्या आकड्यानं तुमचं मन जिंकलं, त्याबद्दल. २०२३ साली अंटार्क्टिक क्रिलचा जीनोम प्रसिद्ध झाला. सुमारे ४८०० कोटी डीएनए-अक्षरांचा. माणसाचा ३१० कोटींच्या आसपास. पंधरापट हे बरोबरच आहे. पण त्यातला ९० टक्क्यांहून अधिक भाग म्हणजे त्याच त्या तुकड्यांची पुनरावृत्ती. प्रथिनं बनवणारी जनुकं काही पंधरापट नाहीत. पोथी जाडजूड, पण पानंच्या पानं तेच पालुपद. जीनोम मोठा म्हणून प्राणी प्रगत, आणि प्राणी प्रगत म्हणून करिअर मोठं, ही साखळी पहिल्याच कडीला तुटते. त्याच अभ्यासात दक्षिण महासागरातल्या चार ठिकाणच्या ७५ क्रिलची तुलना केली होती. त्यांचे ठळक वेगळे गट दिसले नाहीत. एवढ्या खटाटोपानंतर ‘सगळे मिसळलेलेच दिसतात’ हेही शास्त्रात मोलाचं उत्तर असतं. असं उत्तर पचवायची तयारी ज्याची त्यालाच असावी लागते, ती वडिलांकडून उसनी मिळत नाही.

खरी चूक पुढेच आहे. ‘शंभर वर्षांपूर्वीचं विज्ञान.’ डीएनए आला आणि प्राणी डोळ्यांनी पाहण्याची गरज संपली, असं तुम्हाला वाटतंय. तसं वाटणारे तुम्ही एकटे नाही, काही प्राध्यापकही आहेत. उत्तरेच्या थंड समुद्रातले कॅलानस घ्या. तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान असे हे कॉपेपॉड, म्हणजे पाण्यात तरंगणारे कवचधारी जीव, पण मासे आणि समुद्रपक्षी यांची मोठी मदार त्यांच्यावर. त्यातल्या अटलांटिककडची एक आणि आर्क्टिककडची एक अशा दोन जाती वर्षानुवर्षं मुख्यतः शरीराच्या लांबीवरून वेगळ्या केल्या जात. डीएनए तपासल्यावर कळलं की लांबी एकमेकींत मिसळते, आणि कितीतरी नोंदी चुकीच्या जातीच्या नावावर पडल्या होत्या. इथे डोळे हरले. तुमचा मुद्दा, मान्य.

पण डीएनएही फसतो, आणि कवचधारी प्राण्यांत चांगलाच फसतो. जात ओळखण्यासाठी सहसा तंतुकणिकेतलं (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातलं) एक जनुक वाचतात. या जनुकाच्या जुन्या, निकामी प्रती कधीकधी पेशीच्या केंद्रकात जाऊन बसलेल्या असतात. यंत्राला खरं जनुक आणि ती प्रत यांतला फरक कळत नाही. मग एकाच जातीच्या दोन जाती झाल्यासारख्या दिसतात. आणि दोन जाती खरोखरच निघाल्या तर? अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यालगत समुद्रतळाशी सेरॅटोसेरॉलिस नावाचा चपटा आयसोपॉड, म्हणजे खेकड्यांचाच एक दूरचा नातलग, राहतो. दिसायला ट्रायलोबाइट या कधीच नामशेष झालेल्या प्राण्यासारखा. दूरवर पसरलेली एकच जात, असं मानलं जायचं. २००३ साली डीएनएनं दाखवलं की त्या नावाखाली एकाहून अधिक जाती दडल्यात. इथे जनुकशास्त्रज्ञाचं काम थांबतं आणि पाय मोजणाऱ्याचं सुरू होतं: पुन्हा नमुना काढायचा, पुन्हा बघायचं, कुठल्या काट्यात, कुठल्या केसात फरक आहे ते शोधायचं आणि वर्णन लिहायचं. शिवाय सगळ्यांना खुल्या असलेल्या डीएनए-माहितीच्या सार्वजनिक साठ्यातल्या प्रत्येक अनुक्रमाला (वाचलेल्या डीएनए-अक्षरांच्या ओळीला) कोणीतरी हातानं नाव दिलेलं असतं. ते नाव चुकलं की त्यावर बेतलेला पुढचा सगळा अभ्यास चुकतो. अनुक्रम वाचून देणाऱ्या प्रयोगशाळा पैसे मोजले की मिळतात. बाटलीतला प्राणी हातात घेऊन त्याचं नाव खात्रीनं सांगणारी माणसं मिळणं अवघड झालंय.

थोडक्यात, तुम्ही ज्याला शंभर वर्षांपूर्वीचं विज्ञान म्हणता ते या विषयातलं दुर्मीळ कौशल्य आहे, आणि ९२ गुण तेच सांगताहेत. ६१ हे काही नापासाचे गुण नाहीत.

आता चिरंजीवांना दोन शब्द. ते हे वाचणार असतील तर वाचोत. चित्रं हा गणितापासून पळायचा आडोसा करू नकोस. आज नुसत्या वर्गीकरणावर जागा फार थोड्या मिळतात. डीएनए आणि नमुना दोन्ही हाताळणाऱ्याला मिळतात. संख्याशास्त्र टाळता येणार नाही, थोडं प्रोग्रॅमिंगही नाही. वडिलांनी लावलेला वर्ग सोडलास त्याबद्दल मी काही म्हणत नाही. स्वतःहून एवढंच कर: तू ज्या जातीचे पाय मोजतोस तिचे आणि तिच्या चार नातलगांचे अनुक्रम सार्वजनिक साठ्यातून उतरवून घे, त्यांचा वंशवृक्ष बांध, आणि तुझ्या चित्रांतले फरक त्या वृक्षावर बसतात का ते बघ. जिथे बसणार नाहीत तिथे कदाचित तुझा प्रश्न सापडेल. थंड पाणीच हवं का, हेही मोकळेपणानं ठरव. क्रिल पंधराव्या वर्षी आवडला म्हणून बाविसाव्या वर्षीही आवडलाच पाहिजे, असं नाही.

मार्ग नेहमीचाच आहे: सागरी जीवशास्त्र किंवा प्राणिशास्त्रात पदव्युत्तर पदवी, मग पीएचडी. पुढे विद्यापीठं, संग्रहालयं, मत्स्यसाठ्यांचं व्यवस्थापन. शेवटच्या क्षेत्रात गरज खरी आहे. अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रातले स्नो क्रॅब जातीचे खेकडे २०१८ नंतर काही अब्जांनी घटले आणि २०२२ साली अलास्कात त्यांच्या मासेमारीचा हंगाम प्रथमच बंद ठेवावा लागला. अशा वेळी समुद्रातले सगळे खेकडे मिळून साठा एक आहे की वेगवेगळे अनेक, हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. तरी कायम नोकऱ्या कमी, दोन-तीन वर्षांचे करार जास्त. हे लपवण्यात अर्थ नाही.

कर्ज काढू नका. पीएचडी करायची तर विद्यावेतन मिळेल तिथेच करायची. जिथे आपणच पैसे भरून संशोधन करायचं, ती जागा सोडून द्यावी. आणि आज ज्या अभ्यासक्रमासाठी तुम्ही कर्ज काढणार आहात, तो निवडलाय कोणी, ते तुम्हीच बघा.

कात्रणांची फाइल फेकू नका, पण त्याच्या टेबलावरून उचलून तुमच्या कपाटात ठेवा. क्रिल तुम्हाला मनापासून आवडतो हे पत्रातून दिसतंच. मग तो तुम्ही स्वतःसाठी वाचा, त्यात काही वावगं नाही. त्याच्या खोलीत जाल तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली काय आहे तेवढंच विचारा. भवितव्याचा विषय त्या दिवशी काढू नका, दुसऱ्या दिवशीही नको.

यापुढचं पत्र त्यानं लिहावं, तुम्ही नाही. सोबत चित्रांच्या वहीतल्या चार पानांचे फोटो जोडायला सांगा. गुणपत्रिका नको.