रीएनॅक्टमेंट ग्रुपमधल्या जुन्या गोष्टी खऱ्या असतात का, आणि नवीन माणसाने त्या पाठ कराव्यात का?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत शिकायला आलात, युनिव्हर्सिटीजवळच्या एससीए ग्रुपमध्ये (मध्ययुगीन कपडे-लढाया खेळणारी हौशी संस्था) जायला लागलात, आणि तिथले जुने लोक शेकोटीभोवती बसून सारखं "त्या वर्षीच्या वॉरमध्ये" (वॉर म्हणजे लुटुपुटीच्या लढायांचा मोठा मेळावा) करत असतात, सगळे हसतात आणि तुम्ही नुसतेच बघत बसता. त्या गोष्टी खऱ्या का, आणि माहीत असल्याच पाहिजेत का, हा प्रश्न.

थोडक्यात सांगायचं तर संस्थेच्या मोठ्या गोष्टी बऱ्याचशा खऱ्या, तुमच्या लोकल ग्रुपच्या गोष्टी निम्म्या थापा, आणि पाठ बिठ काही करू नका, दोन सीझनमध्ये आपोआप होतात, तुम्हाला नको असल्या तरी. पण मी एवढ्यावर थांबणार नाहीये कारण अशा एका थापेत मी स्वतः आहे.

आधी मोठ्या गोष्टी उरकते. १ मे १९६६ ला कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत डायना पॅक्सनच्या घरामागच्या अंगणात पार्टी झाली, मध्ययुगीन कपडे, हाताशी होतं त्यातून बनवलेल्या ढाली-तलवारी, आणि शेवटी सगळी वरात टेलिग्राफ ॲव्हेन्यूवरून निघाली, विसाव्या शतकाचा निषेध म्हणून. हे खरं आहे. पुढच्या वेळी पार्क बुक करायचं तर अर्जावर संस्थेचं नाव लागतं म्हणून घाईघाईत नाव ठेवलं, सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम, म्हणजेच एससीए, हेही खरं. १९६८ मध्ये बर्कलीतच सायन्स फिक्शनवाल्यांचं वर्ल्डकॉन भरलं, तिथे यांनी लढाईचं प्रात्यक्षिक दाखवलं आणि बघणारे ते खूळ डोक्यात घेऊन आपापल्या गावी गेले. म्हणून ईस्ट आणि मिडल ही राज्यं (म्हणजे संस्थेचे आपापला राजा असलेले प्रादेशिक विभाग) इतक्या लवकर उभी राहिली. आज २० राज्यं आहेत, आणि यांचं नवीन वर्ष अजूनही १ मे ला सुरू होतं. म्हणजे हे लोक मध्ययुग खेळतात खरं, पण कालगणना स्वतःच्या पार्टीपासून करतात. हे एकदा लक्षात आलं की बाकीचं सगळं समजतं. यांचा खरा इतिहास सातशे वर्षांपूर्वीचा नाहीच, यांचा इतिहास म्हणजे हे स्वतः. इंग्लंडातल्या हेस्टिंग्ज किंवा पोलंडातल्या ग्रुनवाल्डला दरवर्षी लढाई करणाऱ्यांचं वेगळं, तिथे कोण जिंकणार ते १०६६ आणि १४१० लाच ठरलंय. इथे निकाल दरवर्षी नवा, म्हणून गोष्टीही दरवर्षी नव्या.

पेन्सिकची, म्हणजे ईस्ट आणि मिडलमधल्या दरवर्षीच्या वॉरची, गोष्ट तर तुम्ही ऐकलीच असेल, नसेल तर या उन्हाळ्यात ऐकाल. डेव्हिड फ्रीडमन, अर्थतज्ज्ञ, मिल्टन फ्रीडमनचा मुलगा, संस्थेत त्याचं नाव कॅरियाडॉक. तो मिडलचा राजा असताना त्याने ईस्टला युद्धाचं आव्हान पाठवलं, ईस्टवाल्यांनी ढुंकूनही बघितलं नाही, मग हा स्वतःच पूर्वेकडे राहायला गेला, तिथे लढून राजा झाला आणि पडून राहिलेलं आव्हान स्वतःच स्वीकारलं. स्वतःवरच युद्ध पुकारलेला राजा. पैज काय, तर जो हरेल त्याने पिट्सबर्ग घ्यायचं (जिंकेल त्याने नव्हे, हरेल त्याने, पोलाद कारखान्यांच्या धुराचं शहर होतं ते). १९७२ ला पहिलं पेन्सिक झालं, आता कूपर्स लेकच्या कॅम्पग्राउंडवर दहा हजारांवर माणूस जमतं. आणि गंमत म्हणजे १९९७ मध्ये तो सगळा भाग एथेलमर्क नावाच्या नव्या राज्यात गेला, त्यामुळे आता कोणीही हरलं तरी पिट्सबर्ग तिसऱ्याचंच. तिथल्या लोकल ग्रुपचं नावच डिबेटेबल लँड्स (वादातला मुलूख) आहे.

या गोष्टी टिकल्या कारण त्या सांगणारे भरपूर आहेत, वेगवेगळ्या बाजूंचे आहेत, आणि एकाने जास्त तिखटमीठ लावलं की दुसरा तिथल्या तिथे टोकतो. लोकल ग्रुपमध्ये तसं होत नाही. तिथे ज्याचा आवाज मोठा आणि जो जास्त वर्षं टिकला तो सांगेल तोच इतिहास. गोष्टीची सुरुवात ठरलेली, "खोटं नाही सांगत, मी स्वतः तिथे होतो." हे वाक्य ऐकलं की मी आता सावरून बसते.

तर माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी आमच्या ग्रुपच्या हिवाळी फीस्टचा, म्हणजे मेजवानीचा, स्वयंपाक मी अंगावर घेतला. राजा-राणी येणार होते, शंभरेक पानं. दरवेळी तेच ते इंग्लिश-फ्रेंच मटण आणि पाई खाऊन मला कंटाळा आला होता, म्हटलं आपण मानसोल्लास करू. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा, बाराव्या शतकातला ग्रंथ, त्यात राजाच्या जेवणावर आख्खं प्रकरण आहे. नियम सतराव्या शतकाच्या आधीचं हवं एवढाच, मग हे त्यांच्या बऱ्याच पदार्थांपेक्षा दोन-अडीचशे वर्षं जुनं. महिनाभर मी त्यात होते. मांडे होते, उलट्या खापरावरचे, त्यासाठी मोठाली मातीची भांडी शोधून उपडी घातली आणि निम्मे मांडे फाटले पण खाल्ले सगळ्यांनी. दुधात भिजवलेले उडदाचे वडे होते. हिंग-आल्याचं वरण होतं. शिखरिणी होती, म्हणजे आपल्या श्रीखंडाची आजी. आणि मिरची नव्हती. बटाटा नव्हता, टोमॅटो नव्हता, मिरची तर नव्हतीच नव्हती, कारण बाराव्या शतकात ती आपल्याकडे असणार कुठून, पोर्तुगीज आणणार सोळाव्या शतकात. तिखटपणाला मिरी, सुंठ आणि लेंडी पिंपळी, बस्स. मी मेन्यूच्या कागदावर खाली हे छापलं होतं, टेबलाटेबलावर ठेवला होता तो कागद.

आता इव्हेंटचा कारभार बघणारा जो होता, त्याच्यावर हॉल बघायची जबाबदारी. मी त्याला दोनदा विचारलं की किचनचा एक्झॉस्ट चालतो ना, मला शंभर माणसांच्या वरणाला फोडणी द्यायचीय, त्याचा अर्थ काय होतो तुला माहीत नाही. चालतो म्हणाला. चालत नव्हता. गरम तुपात मोहरी, हिंग आणि भरडलेली मिरी पडली आणि जो खकाणा उठला तो सर्व्हिंगच्या खिडकीतून सरळ हाय टेबलवर, म्हणजे राजा-राणीच्या टेबलवर गेला, कारण ते टेबलही यानेच खिडकीसमोर लावलेलं. राजाला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, राणीने पंखा म्हणून मेन्यूचा कागद वापरला. तोवर वरण किचनच्या बाहेरसुद्धा आलं नव्हतं. एक घास कोणी खाल्ला नव्हता! पाच मिनिटांत दारं उघडली, धूर गेला, सगळे जेवले, राजाने शिखरिणी दोनदा मागून घेतली.

आणि गोष्ट काय झाली? "खोटं नाही सांगत, मी स्वतः तिथे होतो, एक इंडियन बाई होती, तिने इतकं जहाल तिखट केलं की राजाने पहिला घास घेतला आणि ढसाढसा रडला, टेबलावरचा दुधाचा जग उचलून तोंडाला लावला." तो दुधाचा जग वड्यांवर ओतायचा होता हो. पदार्थ होता तो!

सांगणारा कोण, हे तुम्ही ओळखलंच असेल. गोष्टीत मिरची आली आणि एक्झॉस्ट गेला. मला वाटत नाही त्याने ठरवून केलं, पण कुठल्याही गोष्टीत एखादी वस्तू गायब असेल तर ती वस्तू कोणाची जबाबदारी होती ते बघावं, हे मी तेव्हापासून शिकलेय.

मी त्याला एकदा शांतपणे सांगितलं, मेन्यू दाखवला. तो म्हणाला, अगं पण गोष्ट किती छान आहे, कोणाचं काय बिघडतंय. मग एका वर्षी पेन्सिकला, आमच्या कॅम्पपासून बऱ्याच लांबच्या शेकोटीवर, एका पोराने मला ही गोष्ट सांगितली. मलाच. ते पोर त्या फीस्टच्या वेळी ग्रुपमध्ये नव्हतंसुद्धा. मी म्हटलं ती बाई मी, आणि मिरची नव्हती. सगळे खो खो हसले. पुढच्या वर्षी गोष्टीला शेपूट फुटलेलं, "आणि ती बाई अजूनही कबूल करत नाही!"

माझा राग मिरचीवर नाही. आम्हा कोल्हापूरकरांना तिखटाचं काय वावडं. राग याचा की त्याच मिरी, सुंठ, लवंग, पिंपळीने चौदाव्या शतकातल्या इंग्लंडच्या राजाचं ताट भरलेलं असायचं, हा गृहस्थ स्वतः त्याच मसाल्यांचे सॉस करून वाहवा घेतो, तेव्हा कोणी रडत नाही. माझ्या हातून पडले की ते "इंडियन तिखट". आणि ज्या खंडावर बसून तो मिरचीची गोष्ट सांगतो त्याच खंडातून ती आमच्याकडे आलीय.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे, नवीन माणसाने काय करावं. यांच्या लढाईचा मुख्य नियम तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितला असेल. वेताच्या तलवारीचा वार नीट बसला की नाही हे मार्शल (लढाईवर नजर ठेवणारा पंच) ठरवत नाही, मारणारा ठरवत नाही, ज्याला लागला तो ठरवतो. "लागला" म्हणून तो स्वतः खाली पडतो. या एका नियमावर आख्खी संस्था १९६६ पासून उभी आहे आणि मला हा नियम मनापासून आवडतो. मग माझं म्हणणं एवढंच की गोष्टींनाही हाच नियम लावा ना. गोष्टीत ज्याला लागलंय त्याला विचारा की बाबा, बसला का वार? हे मी त्याला सगळ्यांसमोर म्हणून दाखवलं, तेव्हा त्याच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणाला, लढाई वेगळी आणि बार्डिक (शेकोटीभोवतीच्या गोष्टी-गाणी) वेगळं. असं कसं वेगळं? मैदानावर इमान आणि शेकोटीला सूट?

दुसरं म्हणजे लिहून ठेवा. दरबारात कोणाला काय मान मिळाला हे हेराल्ड नोंदवतात, कोण राजा होता ते पन्नास वर्षांनीही सापडतं, पण त्या दिवशी भांडी कोणी घासली, तंबू कोणी उभे केले, फीस्ट कोणी रांधली हे कुठेच नसतं. तुमच्या ग्रुपात क्रॉनिकलर असेल, न्यूजलेटर काढणारा, बहुतेक वेळा मजकूर मिळत नाही म्हणून तो रडकुंडीला आलेला असतो. त्याला लिहून द्या. मेन्यू द्या, नावं द्या. मी माझा मेन्यू दिला, छापून आला, आणि तरीही लोक मिरचीच सांगतात, पण निदान कोणी शोधलं तर सापडेल.

जुन्या माणसाला मध्येच तोडू मात्र नका, पहिल्या वर्षी तरी. तो मान मला आहे कारण मी भांडून मिळवलाय, तुम्हाला अजून कोणी ओळखत नाही.

आणि न विचारलेलं एक, कारण प्रत्येक मराठी मुलगा हे विचारतोच. मावळा बनता येईल का? कागदोपत्री नाही. महाराजांचा जन्म १६३० चा, यांची हद्द १६०० ला संपते. मालोजीराजांच्या काळातला निजामशाहीतला शिलेदार व्हा, तालिकोटच्या, म्हणजे १५६५ च्या लढाईत असलेला कोणी व्हा, दख्खनचं सोळावं शतक इतकं भरगच्च आहे की पर्सोना, म्हणजे खेळात घ्यायची पात्रं, कमी पडणार नाहीत. फक्त इतिहासातल्या प्रसिद्ध माणसाचं नाव घेऊ नका, हेराल्ड नोंदवून घेत नाहीत. फरी-गदगा खेळला असाल तर वेताची तलवार हाताला परकी वाटणार नाही.

हे सगळं माझ्या एका ग्रुपवरून बोलतेय हेही सांगायला हवं. काही ठिकाणी फार सरळ लोक आहेत. आणि ज्याच्याबद्दल मी एवढं लिहिलं तो माणूस वाईट नाही, मला पहिल्या वॉरला स्वतःच्या गाडीतून नेणारा तोच, पावसात माझा तंबू वाहून गेला तेव्हा स्वतःचा देऊन गाडीत झोपणारा तोच. ती तंबूची गोष्ट तो कधी सांगत नाही, मीच सांगते. पण म्हणून एक्झॉस्ट चालू होता असं होत नाही.

पहिल्या फीस्टला जाताना ताट, वाटी, पेला, चमचा स्वतःचा न्या, तिथे मिळत नाही. कपडे ग्रुपकडे उसने असतात, मागायला लाजू नका. आणि जेवण कोणी आपल्याकडचं करणार असेल तर हाय टेबल मांडायच्या आधी किचनमध्ये जाऊन पंखा स्वतः लावून बघा, कोणी चालतो म्हणालं तरी.