पेशी कुणाची, ते आधी सांग

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा पाषाणहून आलीस, चहा गार होईपर्यंत बोललीस आणि बेडकाच्या भ्रूणाच्या पोटावर उगवलेल्या त्या भिंगाचा फोटो टेबलावर ठेवून गेलीस. गाईड म्हणतात छापू या, तुला मात्र झोप नाही. बरोबरच आहे. दृष्टिपुटिका, म्हणजे डोळ्याचा पडदा ज्यातून घडतो तो फुगवटा, दात्या भ्रूणाची; ती जिच्याखाली बसवलीस ती पोटाची कातडी यजमान भ्रूणाची. मग भिंगातल्या पेशी कुणाच्या?

पॅक्स-6 हे डोळा घडवणारं जनुक चालू दिसलं म्हणून हुरळू नकोस. पुटिकेला चिकटून आलेल्या दात्याच्या पेशींतही तेच दिसेल. पेशी कुणाची, ते आधी सांग.

1901 मध्ये भ्रूणशास्त्रज्ञ श्पेमानने दृष्टिपुटिकेची जागा जाळली आणि भिंग झालं नाही. 1904 मध्ये लुईसने पुटिका धडाच्या कातडीखाली बसवली, भिंग दिसलं. झालं, पुटिकाच भिंग घडवते असं सगळे शिकवू लागले. मीही शिकवलं. श्पेमानलाच पुढे दुसऱ्या जातीच्या बेडकात पुटिकेशिवाय भिंग मिळालं होतं, ते मात्र घाईघाईने सांगून पुढे जायचे. 1988 मध्ये ग्रेंजर आणि सहकाऱ्यांनी पेशींवर खूण करून तोच प्रयोग केला, तेव्हा कळलं की पुटिका एकटी हे करत नाही.

2008 मध्ये तर झेनोपस या बेडकात कारणही सापडलं. फॉक्स-ई-3 हे भिंगाचं जनुक चालू व्हायला दोन गोष्टी एकत्र लागतात: डोक्याच्या कातडीत आधीच तयार असलेलं ओटीएक्स-2 हे प्रथिन आणि पुटिकेकडून येणारा नॉच नावाचा, पेशीकडून पेशीला मिळणारा संकेत. पोटाच्या कातडीची ही पूर्वतयारी झालेलीच नसते. सांग मग, तुझं भिंग आलं कुठून?

माझंही असंच एक भिंग होतं. मी ते छापलं. आमच्याकडे चमकणारे रंग नव्हते, एका सूक्ष्मदर्शकामागे पाच जण उभे असायचे, हे खरं आहे. पण नाईल ब्लू, जिवंत पेशी रंगवायचा तो साधा निळा रंग, कपाटात होता. दात्याला तासभर त्यात ठेवायला काय झालं होतं? 1988 चा पेपर वाचला त्या रात्री मला सगळं कळलं, तरी दुरुस्ती पाठवली नाही. कुणी विचारलंच नाही, असं स्वतःला सांगत राहिले. आजही कधीकधी सांगते.

म्हणून तुझ्यावर चिडले. पहिल्या दिवशी दात्यात डेक्स्ट्रान, म्हणजे पेशींवर खूण करणारा चमकता रंग, टोचायला किती वेळ लागतो गं? पेशी कुणाची, एवढंच तर विचारायचं होतं!

भुवईच्या केसाची माझी सुई अजून डबीत आहे, ती घेऊन जा. पुटिका सोडवलीस की तिच्या कडा त्या केसाने पुन्हा पुन्हा साफ कर, दोन-तीन पेशीसुद्धा राहू देऊ नकोस. गाईडना मी फोन करणार नाही, ते तूच बोलायचंस.

सेक्शन, म्हणजे पातळ काप, झाले की ये. भिंग निघालं नाही तरी ये.

तुझी,
बाई