सुरक्षा यंत्रणा बसवलेली असूनही कारखान्यात मोठा अपघात का होतो? त्यात व्यवस्थापनाचा वाटा किती?

फार मोठा, कारण बसवलेली यंत्रणा ऐन वेळी चालू स्थितीत असेल की नाही हे व्यवस्थापनच ठरवते. भोपाळचे उदाहरण घ्या. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले, तेव्हा तिच्यात सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट हे अतिविषारी रसायन होते; त्याची पाण्याशी अभिक्रिया होऊन विषारी वायू बाहेर पडला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती, वायू जाळून टाकणारा फ्लेअर टॉवर पाइपचा तुकडा काढल्यामुळे निकामी होता आणि पाण्याचे फवारे गळतीच्या उंचीपर्यंत पोचत नव्हते, हे नंतरच्या चौकशांत समोर आले. धोका ठाऊक नव्हता असेही नाही. १९८२ मध्ये मूळ कंपनीच्याच तपासणी पथकाने त्रुटी लिहून दिल्या होत्या. पण कारखाना तोट्यात होता, माणसे कमी केली होती, आणि लहानसहान गळती नेहमीचीच असल्याने डोळे चुरचुरले तरी कुणी लगेच हादरत नसे. मला यातले सर्वांत घातक हेच वाटते. पहिली चाहूल पाळीवरच्या ऑपरेटरला लागते. 'यंत्रणा बंद आहे, टाकी भरलेली ठेवू नका' असे तो म्हणाला तर ते ऐकले गेलेच पाहिजे.

मात्र सगळा दोष सुरक्षा-संस्कृतीच्या, म्हणजे कारखान्यातल्या सुरक्षेबाबतच्या सवयी आणि वृत्तीच्या, माथी मारता येत नाही. एवढे विषारी रसायन एवढ्या मोठ्या टाक्यांत, दाट वस्तीला लागून साठवणे हा मुळात आराखड्याचा आणि परवानगीचा प्रश्न होता.