व्हिसासाठी मुंबईला जाताना बाबांना सोबत ने

तू विचारलंस की एमएससाठी अमेरिकेच्या व्हिसाच्या मुंबईतल्या दोन तारखा मिळाल्यात, पहिल्या दिवशी बोटांचे ठसे, दुसऱ्या दिवशी इंटरव्ह्यू. बाबा सोबत येतो म्हणताहेत, पण त्यांना आत सोडत नाहीत, मग लातूरहून त्यांना दगदग कशाला? माझं मत स्पष्ट आहे, त्यांना घेऊन जा. आत सोडत नाहीत हे खरं. पण त्यांचं काम आत नाहीच. ते बाहेर आहे, आणि त्याहून जास्त गाडीत आहे.

आधी गाडीतलं सांगते. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसाचा इंटरव्ह्यू म्हणजे खिडकीपाशी उभं राहून काही मिनिटांचं बोलणं. हेच विद्यापीठ का, हाच कोर्स का, आणि पैसे कोण भरणार. पहिल्या दोन प्रश्नांची तयारी सगळे करतात. तिसऱ्याचं उत्तर बाबांच्या कपाटातल्या फायलीत असतं आणि आपल्याला ते धड माहीत नसतं. आपल्या घरांत फी भरली जाते, ती कशातून भरली हे मुलं विचारत नाहीत. तिथे मात्र ते तुझ्या तोंडून यायला हवं. बाबा काय करतात, वर्षाचं उत्पन्न किती, शिल्लक किती, कर्ज किती मंजूर झालंय, सगळं. तुझ्या आय-२० वर, म्हणजे विद्यापीठानं पाठवलेल्या प्रवेशाच्या फॉर्मवर, खर्चाचा अंदाज आणि तो कुठून भागणार हे दोन्ही छापलेलं असतं. त्या आकड्यांशी तुझं बोलणं जुळलं पाहिजे. अधिकारी कागद मागेलच असं नाही, बऱ्याचदा तो फक्त ऐकतो.

म्हणून रात्रीच्या गाडीत, आजूबाजूचे झोपायच्या आत, फाइल उघडून दोघं बसा. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका सहसा तारण मागतात आणि सहकर्जदार म्हणून आईवडिलांची सही घेतात. तुमच्याकडे काय ठेवलंय, घर, प्लॉट की एफडी? व्याज किती टक्के? हप्ता कधी सुरू होणार? बाबा सुरुवातीला "तू अभ्यासाचं बघ" म्हणतील. तरी विचार. आईनं माझ्यासाठी पीएफमधले पैसे काढायचं ठरवलंय हे मला अशाच प्रवासात कळलं, आणि इथे अमेरिकेत आल्यावर पहिल्या सेमिस्टरला खर्च करताना ते माझ्या मनात असायचं. ते मनात असणं मला आजही बरं वाटतं. कन्सल्टन्सीवाले पाठ करायला देतात ती उत्तरं मात्र बाजूला ठेव. आपल्या घराची गोष्ट आपल्या शब्दांत सांगता आली की पाठांतर लागत नाही.

बाबांना त्याच वेळी आणखी एक समजावून सांग. अमेरिकेच्या १९५२ च्या स्थलांतर कायद्यात २१४(बी) असं कलम आहे. त्याप्रमाणे अर्जदार तिथेच कायमचा राहायला निघालाय असं धरून चालतात, आणि तसं नाही हे पटवायची जबाबदारी अर्जदारावर असते. त्या कलमाखाली नकार आला तर पासपोर्ट लगेच हातात परत मिळतो. दार कायमचं बंद होत नाही, नवा फॉर्म आणि नवी १८५ डॉलर फी भरून पुन्हा अर्ज करता येतो. त्याच कायद्यातल्या २२१(जी) कलमाची चिठ्ठी मिळाली तर एखादा कागद किंवा तपासणी बाकी आहे, तोवर व्हिसा अडकलेला आहे, एवढाच तिचा अर्थ. हे आधी माहीत नसलं तर आईवडील फुटपाथवर उभ्या उभ्या आपलंच काही चुकलं म्हणून खचतात. तसं होऊ देऊ नकोस.

आता बाहेरचं. वकिलातीत मोबाइल चालत नाही, बॅगही चालत नाही, आणि त्या ठेवायची सोय वकिलात करत नाही. एकट्यानं येणाऱ्याला फोन अनोळखी माणसाच्या हाती सोपवावा लागतो आणि मग निम्मं चित्त तिकडेच राहतं. तुझा फोन बाबांकडे राहील. तू फक्त फाइल घे. पासपोर्ट, अपॉइंटमेंटचं पत्र, डीएस-१६० ची, म्हणजे व्हिसाच्या ऑनलाइन अर्जाची, बारकोडवाली पावती (अपॉइंटमेंट घेताना जो नंबर दिलास तीच), सही केलेला आय-२०, सेविस फीची (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची) ३५० डॉलरची पावती, मार्कशीट आणि पैशांचे कागद. जून २०२५ पासून विद्यार्थ्यांना सोशल मीडियाची खाती सार्वजनिक ठेवायला सांगतात, ते घरूनच करून निघ.

फोन नसल्यावर बाहेर आल्यावर बाबा सापडणार कसे, हे आदल्या दिवशीच ठरवायचं. ठसे आणि फोटो झाले की दिवस मोकळा असतो. तेव्हा बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) जी ब्लॉकला जाऊन वकिलात बघून या आणि बाबांना बसता येईल अशी जागा शोधा. गेटपाशी थांबू देत नाहीत आणि त्या सगळ्या काचेच्या इमारतींमध्ये सावलीत बसायला जागा सहज मिळत नाही. जागा ठरली की तिथून हलायचं नाही, असं बाबांना सांग. त्यांच्या बीपीच्या किंवा शुगरच्या गोळ्या, पाणी, खायचं काहीतरी त्यांच्याजवळ असू दे. किती वेळ लागेल हे आधी सांगता येत नाही.

पोचायला आता सोपं झालंय. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ पूर्ण सुरू आहे, सीएसएमटीला उतरून थेट बीकेसी स्टेशन गाठता येतं. नाहीतर कुर्ला पश्चिम किंवा वांद्रे पूर्वेहून शेअर रिक्षा आहेच. डोंबिवलीला मावशी असली तरी इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री जवळ राहा. सकाळच्या लोकलची गर्दी वडिलांना सोबत घेऊन, हातात फाइल धरून नको. पैसे थोडे जास्त गेले तरी ही काटकसर करायची जागा नाही.

व्हिसा मंजूर झाला तर पासपोर्ट ते ठेवून घेतात आणि शिक्का बसून तो काही दिवसांनी येतो. त्यासाठी मुंबईत मुक्काम वाढवायची गरज नाही, परतीचं तिकीट त्याच रात्रीचं काढलंस तरी चालेल. पासपोर्ट जास्तीचे पैसे भरून घरपोच मागवता येतो, नाहीतर ठरवलेल्या केंद्रावरून आणावा लागतो. तेव्हा तू सामानाच्या आणि बँकेच्या गडबडीत असशील. ऑगस्ट २०२५ पासून केंद्रावर तो अर्जदाराच्याच हाती देतात, अधिकारपत्र देऊन बाबांना एकटं पाठवणं चालत नाही, म्हणून घरपोचच मागव.